आईच्या दुधातल्या या साखरेबद्दलही लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेले काही महिने आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंवर लेख येत आहेत आणि मी ते मन लावून वाचते आहे. कांदा, लसूण, कच्चं केळं, गार झालेला भात, चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन, सगळं त्यात येऊन गेलं. आपल्याला स्वतःला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना ज्यांच्यावर पोसता येतं, अशा कर्बोदकांना प्रीबायोटिक म्हणतात, हे आता बऱ्याच वाचकांना माहीत झालं असेल. पण माणसाच्या पोटात हा पदार्थ पहिल्यांदा जातो तो आईच्या दुधातून, आणि त्याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात परिसेविका होते. नोकरीची बहुतेक वर्षं कमी वजनाच्या, दिवस पूर्ण न भरलेल्या बाळांमध्ये गेली. आता निवृत्त आहे, पण नात्यातल्या, गल्लीतल्या बाळंतिणी अजून बोलावतात, आणि जिथे जाते तिथे तेच ऐकते: "सिस्टर, दूध फार पातळ येतंय, याने बाळाचं काय होणार?"

त्या पातळ दुधात काय असतं ते सांगते. पाणी सोडलं तर सर्वांत जास्त असते दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, लिटरला साधारण ७० ग्रॅम. त्याखालोखाल स्निग्धांश. तिसरा क्रमांक प्रथिनांचा असेल असं कुणालाही वाटेल, पण तिथे असतात ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे साखरेच्या लहान-लहान साखळ्या. नंतरच्या नेहमीच्या दुधात लिटरला ५ ते १५ ग्रॅम आणि चिकात २० ग्रॅमच्याही वर. त्यांच्या दोनशेच्या आसपास वेगवेगळ्या रचना आजवर ओळखल्या गेल्या आहेत. गाईच्या दुधात त्या नावापुरत्याच सापडतात. आणि एवढ्या सगळ्या साखळ्या तोडणारी पाचकद्रव्यं बाळाच्या पोटात नसतात. आई अंगातली ताकद खर्चून असा पदार्थ बनवते जो तिच्या बाळाला पचतच नाही. तो न पचता थेट मोठ्या आतड्यात पोहोचतो, कारण तो तिथल्या जिवाणूंसाठीच असतो.

ही साखर दुधाच्या पाण्यात विरघळलेली असते, मलईत नसते. म्हणून दूध निळसर, पातळ दिसलं तरी ती त्यात असतेच. प्रत्येक आईच्या दुधातलं मिश्रण मात्र वेगळं, आणि ते बरंचसं तिच्या जनुकांवर ठरतं. जगात साधारण पाचातल्या एका बाईच्या दुधात यातली एक मुख्य साखळी जवळजवळ नसतेच, तिच्या जागी दुसऱ्या साखळ्या जास्त असतात, आणि त्या बायांची बाळंही छान वाढतात. तेव्हा आपल्या दुधात काही कमी आहे ही धास्ती बाळंतिणीने मनातून काढून टाकावी.

आता तिथले जिवाणू. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा फुटलेला एक जिवाणू दिसला. तोच बायफिडोबॅक्टेरियम. आईच्या दुधातली ही साखर त्याला वाढवते, हे पॉल ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात दाखवलं. प्रीबायोटिक हा शब्द तर १९९५ साली आला. म्हणजे ज्या गोष्टीचं नाव आज दुकानात मिरवलं जातं, ती शास्त्राला आधी बाळाच्या दुपट्यात सापडली.

या कुळातला इन्फंटिस नावाचा एक प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. तो साखरेची अख्खी साखळी आपल्या पेशीत ओढून घेतो आणि आत नेऊन तोडतो. बाहेर तुकडे सांडत नाहीत, त्यामुळे आजूबाजूच्या रोगजंतूंना त्यातलं फारसं काही मिळत नाही. साखर खाऊन तो अ‍ॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. आतड्यातलं वातावरण आंबट होतं आणि अशा आंबट जागी ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जंतूंना पाय रोवणं अवघड जातं. आमच्या कक्षात बाळांच्या रक्तात शिरून जीव घेणारे बरेचदा हेच जंतू. बायफिडोच्या याच अ‍ॅसिटिक आम्लामुळे (अ‍ॅसिटेट) आतड्याचं अस्तर घट्ट राहतं आणि जंतूंचं विष रक्तात झिरपत नाही, हे जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांवर दाखवलं. शिवाय याच साखळ्यांचं आणखी एक काम आहे. पुष्कळ जंतू आतड्याच्या अस्तरावरच्या साखरेला धरून चिकटतात. दुधातल्या साखळ्या हुबेहूब तशाच असतात, म्हणून जंतू अस्तर सोडून त्यांनाच चिकटतो आणि शीवाटे बाहेर पडतो.

हे सगळं लंगोटात दिसतं, आणि इथेच घरोघर घोटाळा होतो. जन्मल्यावर बाळाची शी काळी, चिकट असते. मग हिरवट होते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळीधमक, पातळ, मोहरीसारखी दाणेदार होते. वास आंबूस येतो, घाण येत नाही. दिवसातून सहा-आठ वेळा झाली तरी बाळ टवटवीत असतं, लघवी नीट होत असते, वजन वाढत असतं. तो आंबूस वास म्हणजे त्या आम्लांचा पुरावा. वरच्या दुधावरच्या बाळाची शी घट्टसर, भुरकट आणि मोठ्या माणसांसारख्या वासाची असते. पण आज्जीला ही दुसरी शी 'चांगली बांधून झालेली' वाटते आणि पहिली जुलाब वाटते. मग पाजणं थांबवून साखरेचं पाणी सुरू होतं, किंवा कुणीतरी उठून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन येतं. ते औषध आधी त्या पिवळ्या शीतल्या जिवाणूंनाच मारतं. ठणठणीत बाळांचं पोट अशा रीतीने हकनाक बिघडलेलं मी पाहिलं आहे. ताप, शीमध्ये रक्त, बाळ मलूल, लघवी कमी, यातलं काही असेल तर तडक डॉक्टरकडे जावं. नुसत्या पिवळ्या पातळ शीला औषध लागत नाही.

बाळांच्या शीचे जुने-नवे अहवाल एकत्र करून २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा सामू (पीएच) १९२६च्या सुमारास ५ होता, तो आता साडेसहाकडे गेला आहे. आकडा वाढला म्हणजे आंबटपणा कमी झाला. इन्फंटिस अमेरिकेत आता क्वचितच सापडतो. बांगलादेश, गांबिया इथल्या बाळांत तो अजून भरपूर मिळतो. एकदा गेला की तो परत आणणं किती जिकिरीचं आहे हे तिकडचे लोक आज अनुभवत आहेत. आपण त्या वाटेने जाऊ नये असं मला फार कळकळीने वाटतं.

आपल्याकडे त्या वाटेची सुरुवात पहिल्या तासातच होते. चीक पिवळा म्हणून पिळून टाकतात, जिथे ही साखर सर्वांत जास्त. बाळाच्या जिभेवर मध चाटवतात. बोंडल्याने साखरपाणी घालतात. मग सहाणेवर गुटी उगाळायची: वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, हिरडा, खारीक, बदाम. हे करणाऱ्या बाया मायेनेच करतात, मला त्यांचा राग नाही. माझ्या सासूबाईही करायच्या. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हे मी कक्षात जितक्या जोरात सांगत होते तितक्याच जोरात इथे लिहिते. मधात बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराचे बीजाणू असू शकतात, म्हणून तो वर्षाच्या आत कधीच नको. सहाण, बोंडलं आणि न उकळलेलं पाणी यांतून जंतू थेट पोटात जातात. आणि दुसरी कुठलीही गोष्ट पोटात गेली की दुसऱ्या जिवाणूंना खाद्य मिळतं आणि बायफिडोची बैठक मोडायला लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी ६३.७ टक्के निव्वळ आईच्या दुधावर होती. जन्मल्यावर तासाभरात पाजलेली मात्र फक्त ४१.८ टक्के. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या तरी तो पहिला तास अजून आपल्या हाती आलेला नाही.

आता डब्याबद्दल. पुतणीच्या बाळंतपणात तिच्या जावेने अमेरिकेहून दुधाच्या पावडरीचा डबा पाठवला. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, आईच्या दुधातली साखर यात घातली आहे. पुतणी एमएस्सी झालेली. तिने मला विचारलं, "काकू, दोन्हीत सारखंच असेल तर रात्रीचं हे का देऊ नये?" मी तिला सांगितलं ते सगळ्यांना सांगते. तिकडे २०१६ पासून अशी पावडर मिळते. जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून मोठमोठ्या टाक्यांत दोनशेतली एखादी साखळी बनवून घेतात, काहींत चार-पाच असतात. आपल्याकडच्या डब्यांवर जे प्रीबायोटिक लिहिलेलं असतं ती बहुधा वेगळीच साखर, लॅक्टोजपासून बनवलेली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड्स आणि चिकोरीपासून काढलेली फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड्स. त्यांनीही बायफिडो वाढतो आणि शी मऊ होते, हे खरं आहे. आई नसेल, तिला पाजता येणार नाही असा आजार असेल, दत्तक बाळ असेल, तर अशी पावडर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजमाप पाळून, वाटी-चमच्याने जरूर द्यावी. त्या आयांच्या मनाला बोचेल असं माझ्या लिहिण्यात काही असेल तर क्षमा असावी. पण जिचा पान्हा नीट आहे, तिला हा शब्द दाखवून डबा गळ्यात मारणं हा अन्याय आहे. रात्रीचं पाजणं चुकवलं की दूध आटायला लागतं आणि दोन आठवड्यांत तो 'रात्रीपुरता' डबा दिवसाचाही होतो.

आपल्या देशात १९९२चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची पावडर, बाळान्न आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटवस्तू द्यायच्या नाहीत. तरी एका खासगी रुग्णालयातून घरी जाताना ठणठणीत बाळाच्या कार्डावर पावडरीचं नाव लिहून दिलेलं मी स्वतः वाचलं आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "त्यात पोटाचे चांगले जंतू वाढवायचं काहीतरी आहे म्हणे." जे तिच्या स्वतःच्या छातीत आहे त्यासाठी तिचा नवरा दर महिन्याला हजारो रुपये मोजणार होता.

या विषयातलं एक मोठं काम आपल्याच देशात झालं आहे आणि ते लोकांपर्यंत पोहोचलेलंच नाही. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली, २०१७ साली ती 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. अंगावर पिणाऱ्या बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम हा जिवाणू आणि सोबत त्याचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड दिलं. सेप्सिस, म्हणजे रक्तात जंतू पसरण्याचा आजार, आणि मृत्यू मिळून जे प्रमाण तुलनेसाठी जिवाणू नसलेली, दिसायला तशीच पूड दिलेल्या गटात ९ टक्के होतं, ते इथे ५.४ टक्क्यांवर आलं. ज्या आजाराशी आम्ही सलाइन आणि महागडी इंजेक्शनं घेऊन रात्र-रात्र झुंजत होतो, तो एवढ्याशा गोष्टीने इतका कमी व्हावा, हे वाचताना मला भरून आलं होतं. पण म्हणून दुकानातून कुठलंही प्रोबायोटिक आणून बाळाला पाजू नये. तो एक ठरावीक जिवाणू होता, आणि बाळं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांची, दोन किलोंच्या वर वजनाची आणि आईच्या दुधावरची होती.

दिवसाआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो, डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. सकाळी बरं असलेलं किलोभराचं बाळ संध्याकाळी दूध पचवेनासं होतं, नळीतून हिरवट पाणी परत येतं, पोट तट्ट फुगून चकाकायला लागतं, शीमध्ये रक्त दिसतं. आतड्याला भोक पडलं तर पुष्कळ बाळं हातची जातात. पावडरीच्या मानाने आईच्या दुधावर हा आजार कमी होतो, हे पक्कं ठरलेलं आहे. आईचं दूध लगेच आलं नाही तर दुसऱ्या आईचं, मातृदुग्धपेढीतलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी काढली. तिथे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात. तापवल्याने दुधातली काही संरक्षक द्रव्यं कमी होतात, पण या साखळ्यांना उष्णतेने जवळजवळ काही होत नाही, त्या जशाच्या तशा बाळाच्या आतड्यात जातात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तरी जिल्ह्याच्या गावी बाळाला आजही पावडर कालवून नळीतून द्यावी लागते. महाराष्ट्रात जिथे जिथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे तिथे दुग्धपेढी असलीच पाहिजे, निदान जवळच्या पेढीतून बर्फाच्या पेटीत दूध आणायची सोय तरी हवी.

सहा महिन्यांनंतर घरचं अन्न सुरू होतं. तेव्हा पाजणं बंद करायची घाई करू नये. स्वीडनमधल्या बाळांवर २०१५ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की आतड्यातले जिवाणू मोठ्या माणसांसारखे होतात ते मुख्यतः अंगावरचं तुटल्यावर, वरण-भात सुरू झाल्यामुळे नव्हे. म्हणून दोन वर्षांपर्यंत दोन्ही चालू द्यावं. नाचणीचं सत्त्व आपल्याकडे आवडीने देतात: भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि चोथा टाकून द्यायचा. सुरुवातीला ते ठीक. पण आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला मोड आलेल्या नाचणीच्या न गाळलेल्या पिठाची खीर चालते, आणि पुढे जिवाणूंना लागणारा तंतू त्या चोथ्यातच असतो.

शेवटी ज्यांच्यासाठी खरं म्हणजे पेन हाती घेतलं त्या बायांविषयी. नोकरदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायची सुट्टी कायद्यात आहे. पण ऊसतोडीच्या बायांचं चित्र वेगळं आहे. आमच्या कराड भागात दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात ती फडात जाते, तान्हं कोपीत सहा-सात वर्षांच्या बहिणीजवळ असतं. ते रडलं की बहीण चहात बिस्किट बुडवून भरवते. आईला छाती दाटून येते, दुखते, ती फडातच बांधाआड दूध पिळून टाकते. मातीत जाणाऱ्या त्या दुधात या साऱ्या साखळ्या असतात आणि बाळ इकडे जुलाबाने सुकत असतं. अशा बाळांना सलाइन लावायला शीर सापडत नसे.

येत्या हंगामात आपल्या वार्ताहराला साखर कारखान्यांच्या तळांवर पाठवा. फडाजवळ सावलीची एखादी खोप आणि बाळं सांभाळायला एक बाई ठेवायला किती खर्च येतो, ते कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांना विचारा. दिवसातून दोनदा पाजायला सोडलं तर उचल कापणार का, ते मुकादमांना विचारा. तळावर आशाताई आठवड्यातून किती वेळा येतात आणि तान्ह्या बाळांची नोंद कुणाकडे असते, ते आरोग्य खात्याला विचारा. उत्तरं नावानिशी छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
कराड, जि. सातारा